चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय? पारपटलाचा आजार आणि त्यावरचे उपाय समजून घेऊया



मुलाला फळ्यावरचं दिसत नाही असं लक्षात आलं की आपण पालकांना निरोप पाठवतो. पालक चष्म्याच्या दुकानात जातात, नंबर निघतो, चष्मा येतो आणि विषय मिटतो. बहुतेक मुलांच्या बाबतीत तो खरंच मिटतो. पण काही मुलांचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलतो. नवा चष्मा लावूनही अक्षरं स्वच्छ दिसत नाहीत. मूल सारखं डोळे चोळत असतं. "मोबाइल बघतो ना सारखा, म्हणून!" असं म्हणून आपण मोकळे होतो. पण अशा काही मुलांमध्ये खरं कारण डोळ्याच्या सर्वांत पुढच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे पारपटलात असतं.

आजच्या लेखात आपण पारपटल, त्याचा केराटोकोनस नावाचा आजार आणि त्यावरचे उपाय पाहणार आहोत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचा सगळा लेख तिच्यावरच उभा आहे. या आजारात दिसणं सुधारणारे उपाय वेगळे आणि आजार थांबवणारा उपाय वेगळा. चष्मा बदलत राहिलो तर दिसणं थोडं सुधारतं, पण आजार आत वाढतच राहतो. हा फरक पालकांना वेळेत कळला, तर मुलाची नजर वाचू शकते.

१. पारपटल म्हणजे नेमकं काय?

दहावीच्या विज्ञानात मानवी डोळ्याची आकृती आहे. त्यात सर्वांत पुढे जो पातळ पारदर्शक पापुद्रा दाखवला आहे, ते पारपटल. इंग्रजी माध्यमाची मुलं त्याला कॉर्निया म्हणतात. घड्याळाच्या तबकडीवर जशी काच असते, तसं हे पारपटल बुबुळावर बसलेलं असतं.

इथे शब्दांचा थोडा गोंधळ होतो. बोलताना आपण डोळ्याच्या सगळ्या काळ्या भागाला बुबुळ म्हणतो. दवाखान्यातही 'बुबुळ बदलायचं ऑपरेशन' असं ऐकू येतं. पण पाठ्यपुस्तकाप्रमाणे बुबुळ म्हणजे आतला रंगीत पडदा आणि त्याच्या मधलं छिद्र म्हणजे बाहुली. ऑपरेशनमध्ये बदललं जातं ते बुबुळावरचं पारपटल.

पारपटलाबद्दल मुलांना सांगण्यासारख्या काही गोष्टी:

• त्याचा व्यास साधारण ११ ते १२ मिलिमीटर असतो. मध्यभागी जाडी असते जेमतेम अर्धा मिलिमीटर.
• त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच ते काचेसारखं पारदर्शक राहतं. त्याला लागणारा बराचसा ऑक्सिजन ते अश्रूंच्या थरातून थेट हवेतून घेतं.
• त्यात चेतातंतू मात्र खूप असतात. म्हणून डोळ्यात बारीकसं कुसळ गेलं तरी आपण बेजार होतो.
• प्रकाशकिरण वळवण्याचं डोळ्याचं जे काम आहे, त्यातलं सुमारे दोन-तृतीयांश एकटं पारपटल करतं. उरलेलं काम आतलं नेत्रभिंग करतं.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. एवढं मोठं काम या पातळ पडद्याच्या आकारावर चालतं. आकार थोडा जरी बिघडला, तरी दिसणं बिघडतं.

२. पळी आणि चमच्याचा प्रयोग

आकार बिघडणं म्हणजे काय, हे वर्गात सहज दाखवता येतं. एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर एकात एक अशी पाच-सहा काळी वर्तुळं काढा आणि मध्यभागी बारीक भोक पाडा. खिडकीकडे तोंड करून उभं राहा, म्हणजे वर्तुळांच्या बाजूवर उजेड पडेल. समोर आमटी वाढायची स्टीलची गोल पळी पालथी धरा आणि भोकातून तिच्या पाठीकडे बघा. पळीवर वर्तुळांचं प्रतिबिंब छान गोल दिसेल.

आता पळीच्या जागी चमचा पालथा धरा. वर्तुळं लांबट होतील. नंतर पोचा आलेली एखादी जुनी पळी धरा. वर्तुळं वेडीवाकडी होतील, एका बाजूला दाटीवाटीनं आणि दुसऱ्या बाजूला विरळ.

गोल पळी म्हणजे निरोगी पारपटल. चमचा म्हणजे 'सिलिंड्रिकल नंबर' असलेला डोळा. हा नंबर पुष्कळ लोकांना असतो, तो स्थिर असेल आणि चष्म्यानं स्वच्छ दिसत असेल तर घाबरायचं कारण नाही. पोचा आलेली पळी म्हणजे आजारी पारपटल. तिथे साध्या चष्म्याची काच पुरी पडत नाही, कारण वाकडेपणा प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो.

हा काही नुसता वर्गातला खेळ नाही बरं का! पोर्तुगालचे नेत्रतज्ज्ञ अँटोनियो प्लासिडो यांनी एकोणिसाव्या शतकात अशीच वर्तुळांची चकती वापरून रुग्णांची पारपटलं तपासली होती. आज डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात 'कॉर्नियल टोपोग्राफी' ही तपासणी होते. त्यातल्या कित्येक यंत्रांमागे हेच तत्त्व आहे. संगणक पारपटलाचा रंगीत नकाशा काढून देतो, डोंगर-दऱ्यांच्या प्राकृतिक नकाशासारखा.

३. केराटोकोनस: पारपटलाला येणारा फुगवटा

या आजारात पारपटल हळूहळू पातळ होतं आणि शंकूसारखं पुढे येतं. नावातच अर्थ आहे. ग्रीक भाषेत 'केरास' म्हणजे शिंग आणि 'कोनोस' म्हणजे शंकू. इंग्लंडमधले डॉक्टर जॉन नॉटिंगहॅम यांनी १८५४ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं होतं.

कसं होतं ते बाजेच्या उदाहरणानं समजतं. बाजेची सुतळी नवी असते तेव्हा ती ताणून बसलेली असते. सुतळी सैल पडली की वजनानं मध्ये झोळ पडतो. पारपटलात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असेच विणलेले असतात. ते दुबळे झाले की डोळ्याच्या आतल्या नेहमीच्या दाबानंही पारपटल पुढे फुगतं.

हा आजार साधारणपणे पौगंडावस्थेत सुरू होतो. विशी-पंचविशीपर्यंत तो वाढत राहतो आणि पुढे तिशी-चाळिशीत बहुधा आपोआप थंडावतो. म्हणजे दहावी, बारावी, पुढचं शिक्षण, नोकरीच्या परीक्षा, नेमक्या या वर्षांत नजर घसरते. वय जितकं लहान, तितका आजाराचा वेग जास्त.

एकच एक कारण सांगता येत नाही. काही घरांत तो आनुवंशिक असतो. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये तो जास्त आढळतो. आणि ज्याच्याशी त्याचा घट्ट संबंध दिसून येतो, ती सवय आपण रोज वर्गात बघतो: डोळे चोळणं. ॲलर्जीमुळे डोळ्यांना खाज सुटते. मूल मुठी वळून, बोटांच्या पेरांनी डोळे रगडतं. आधीच नाजूक असलेल्या पडद्यावर दिवसातून पन्नास वेळा हा दाब पडतो. उन्हाळा लागला की काही मुलांची खाज फार वाढते, डोळे लाल होतात, चिकट तारेसारखा स्राव येतो. अशा मुलांकडे विशेष लक्ष ठेवायला हवं.

४. ओळखायचं कसं?

निदान डॉक्टरच करतील. पण संशय घ्यायचं काम आपलं आहे. पुढील खुणा लक्षात ठेवा.

१) चष्म्याचा नंबर, विशेषतः सिलिंडरचा आकडा, दर काही महिन्यांनी वाढतो.
२) नवा चष्मा लावूनही "धूसर दिसतं" ही तक्रार राहते.
३) एक डोळा बंद करून दुसऱ्यानं बघितलं तरी अक्षराला सावली दिसते किंवा एकाची दोन अक्षरं दिसतात.
४) रात्री गाडीच्या दिव्याभोवती किरणं पसरलेली दिसतात.
५) मूल डोळे बारीक करून, मान तिरकी करून बघतं.
६) डोळ्यांना सतत खाज येते आणि चोळायची सवय आहे.
७) आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा आजार आहे.

एक सोपं काम घरी आजच करा. जुन्या नंबरच्या चिठ्ठ्या फेकू नका, एका पाकिटात तारखेनुसार ठेवा. चिठ्ठीवर प्रत्येक डोळ्यासमोर साधारण तीन रकाने असतात: स्फिअर, सिलिंडर आणि ॲक्सिस. दोन-तीन चिठ्ठ्या शेजारी ठेवून सिलिंडरचा रकाना बघा. तो भराभर वाढत असेल, तर चष्म्याच्या दुकानात न जाता नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि स्वतःहून विचारा, "डॉक्टर, पारपटलाचा नकाशा काढायला हवा का?"

दुसरी गोष्ट, दोन्ही डोळे नेहमी वेगवेगळे तपासा. केराटोकोनस बहुधा दोन्ही डोळ्यांना होतो, पण एका डोळ्यात तो पुढे गेलेला असतो. चांगला डोळा सगळं सांभाळून घेतो, त्यामुळे मुलाला स्वतःला काही कळतच नाही.

५. दिसणं सुधारणारे उपाय

*चष्मा:* सुरुवातीच्या टप्प्यात चष्म्यानं काम भागतं.

*कडक कॉन्टॅक्ट लेन्स:* पारपटल खडबडीत झालं की ही लेन्स उपयोगी पडते. तिला आरजीपी लेन्स म्हणतात. पोचा आलेल्या भांड्यावर गुळगुळीत झाकण बसवावं आणि मधल्या फटीत पाणी भरावं, तसं होतं. लेन्स आणि पारपटल यांच्यामध्ये अश्रूंचा थर भरला जातो आणि बाहेरचा पृष्ठभाग पुन्हा गुळगुळीत होतो. चष्म्यानं जे अक्षर वाचता येत नव्हतं, ते लेन्सनं वाचता येतं. स्वित्झर्लंडमध्ये काम करणारे डॉक्टर अॅडॉल्फ फिक यांनी १८८८ मध्ये काचेच्या लेन्सची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्यासमोर केराटोकोनसचेही रुग्ण होते.

*स्क्लेरल लेन्स:* ही आकारानं मोठी असते आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. पारपटलाला तिचा स्पर्श होत नाही. ज्यांना लहान कडक लेन्स टोचते, त्यांना ती सोयीची पडते.

लेन्स वापरणाऱ्या मुलांसाठी तीन नियम पक्के: हात धुऊन पुसल्याशिवाय लेन्सला हात लावायचा नाही, लेन्स नळाच्या पाण्यानं कधीच धुवायची नाही, आणि लेन्स घालून झोपायचं नाही. हे मोडलं तर पारपटलाला जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि तो मूळ आजारापेक्षा महागात पडतो.

लक्षात घ्या, वरचे सगळे उपाय दिसणं सुधारतात. आजाराची वाढ यातला एकही उपाय थांबवत नाही.

६. आजार थांबवणारा उपाय: क्रॉस-लिंकिंग

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात १९९० च्या दशकात या उपचाराचा शोध लागला. थिओ सायलर, एबरहार्ड श्पोएर्ल आणि ग्रेगोर वोलेन्झाक यांनी रुग्णांवरचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्याकडे डॉक्टर याला 'सी-थ्री-आर' असंही म्हणतात.

मूळ पद्धत अशी. डोळा थेंबांनी बधिर करतात. पारपटलाचा सर्वांत वरचा पातळ थर अलगद काढतात. सुमारे ३० मिनिटं रिबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब टाकत राहतात. मग सुमारे ३० मिनिटं ठरावीक प्रमाणात अतिनील किरण सोडतात. त्यानं कोलॅजनच्या धाग्यांमध्ये नवे आडवे बंध तयार होतात. बाजेच्या सैल सुतळीला आडवे टाके घालून ती घट्ट करावी, तसंच. हल्ली कमी वेळाच्या पद्धतीही वापरल्या जातात.

नंतरचे तीन-चार दिवस डोळा दुखतो, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. वरचा थर भरून येईपर्यंत संरक्षक लेन्स ठेवतात. काही आठवडे दिसणं धूसर राहू शकतं. ही माहिती पालकांना आधी असेल, तर ते घाबरणार नाहीत. शाळेनंही त्या दिवसांत मुलाला लिखाणातून सूट द्यावी आणि धूळ उडते अशा ठिकाणी पाठवू नये.

आता सर्वांत महत्त्वाचं. हा उपचार आहे तिथे आजार थांबवण्यासाठी आहे, चष्मा घालवण्यासाठी नाही. तो केल्यावरही चष्मा किंवा लेन्स लागतेच. "एवढं करून चष्मा राहिलाच की!" असं म्हणणारे पालक भेटतात. त्यांना सांगा, धरणाची भिंत बांधली म्हणून वाहून गेलेलं पाणी परत येत नाही, पण उरलेलं वाचतं. म्हणूनच हे काम लवकर करायचं. पारपटल फार पातळ झालं, तर नेहमीच्या पद्धतीनं हा उपचार करताच येत नाही. नेहमीच्या पद्धतीत जाडी साधारण ४०० मायक्रॉन, म्हणजे ०.४ मिलिमीटर तरी असावी लागते.

७. "लेझर करून चष्माच घालवला तर?"

लग्न ठरवायचं असतं, भरतीची तयारी चालू असते, आणि मुलं-मुली लेझरची चौकशी करतात. लॅसिकसारख्या शस्त्रक्रियेत लेझरनं पारपटलाचा थोडा भाग काढून त्याला नवा आकार देतात. निरोगी आणि पुरेशा जाड पारपटलावर ती चांगली होते. पण केराटोकोनसमध्ये पारपटल आधीच पातळ आणि दुबळं असतं. त्यातून आणखी भाग काढला तर फुगवटा झपाट्यानं वाढू शकतो. म्हणून लॅसिकच्या आधी पारपटलाचा नकाशा काढणं आवश्यक असतं. वय १८ पूर्ण हवं आणि नंबर किमान वर्षभर स्थिर हवा. "लॅसिक करता येणार नाही" असं डॉक्टरांनी सांगितलं, तर तो नकार मुलाच्या भल्याचा आहे. दुसरा दवाखाना शोधत बसण्याआधी नकार का मिळाला ते नीट विचारा.

८. शेवटचा पर्याय: पारपटल प्रत्यारोपण

आजार फार पुढे गेला, पारपटलावर व्रण पडला किंवा लेन्सनंही दिसेनासं झालं, तर दात्याचं पारपटल बसवतात. केराटोकोनसमध्ये शक्य असेल तेव्हा रुग्णाचा सर्वांत आतला थर तसाच ठेवून फक्त पुढचे थर बदलतात. त्यामुळे शरीरानं नवं पारपटल नाकारण्याचा धोका कमी होतो.

माणसातलं पहिलं यशस्वी पारपटल प्रत्यारोपण ७ डिसेंबर १९०५ रोजी डॉक्टर एडुआर्ड झिर्म यांनी केलं, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स गावी. तो रुग्ण एक मजूर होता आणि त्याचे डोळे चुन्यानं भाजले होते. हे वाचून आपल्या घरातली चुन्याची पुडी आठवायला हवी. पान-तंबाखूसाठी आणलेली चुन्याची डबी किंवा पुडी मुलं दाबून बघतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. असं झालं तर एक क्षणही न घालवता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा उघडा धरून निदान १५ ते ३० मिनिटं धुवा, पापण्यांच्या आतले कण निघू द्या आणि मग तसंच डॉक्टरांकडे न्या. दूध, तूप, मध काही घालू नका. चुना मुलांच्या हाताला लागेल असा ठेवूच नका.

प्रत्यारोपणासाठी लागणारं पारपटल कारखान्यात मिळत नाही, ते नेत्रदानातूनच येतं. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा असतो. त्या वेळी परिपाठात हे मुद्दे जरूर घ्या: नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं, चष्मा असलेले आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले लोकही नेत्रदान करू शकतात, आणि चेहरा विद्रूप होत नाही.

९. शाळेत आणि घरी आपण काय करू शकतो?

• राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा नंबर बदलणाऱ्या आणि डोळे चोळणाऱ्या मुलांची नावं आधीच काढून ठेवा आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा.
• "डोळे चोळू नको" असं ओरडून सवय सुटत नाही. खाज आली की स्वच्छ ओल्या रुमालाची गार घडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायला शिकवा.
• ॲलर्जीवर औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्या. "मागच्या वेळी याच थेंबांनी बरं वाटलं" म्हणून दुकानातून परस्पर थेंब आणू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर दीर्घ वापरानं काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो.
• निदान झालेल्या मुलाच्या भावंडांचीही तपासणी करून घ्या.
• खर्चाची चिंता असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील नेत्रविभागात आधी चौकशी करा.
• वर्गात अशा मुलाला पुढे बसवा, फळ्यावर अक्षर मोठं काढा. "चष्मा असून दिसत नाही का?" हा प्रश्न त्याला चारचौघांत विचारू नका. त्याला खरंच दिसत नसतं.

१०. पालक नेहमी विचारतात

*या आजारानं मूल आंधळं होतं का?*
पूर्ण अंधार सहसा होत नाही. पण वाचणं, गाडी चालवणं, बारीक काम करणं अवघड होण्याइतकी नजर जाऊ शकते. वेळेवर उपचार झाले, तर बहुतेकांचं शिक्षण आणि नोकरी व्यवस्थित होते.

*गाजर, डोळ्यांचे व्यायाम, यानं बरं होईल का?*
गाजर-पालेभाज्या जरूर द्या, त्या तब्येतीला चांगल्याच. पण पारपटलाचा बदललेला आकार त्यानं सरळ होत नाही.

*दोन-तीन वर्षं थांबून बघितलं तर?*
याच दोन-तीन वर्षांत आजार सर्वांत जास्त वाढतो. डॉक्टर लहान मुलांना तीन-सहा महिन्यांनी परत बोलावतात, ते यासाठीच. ती तारीख चुकवू नका.

*अचानक डोळा पांढरट झाला आणि दुखू लागला तर?*
वाढलेल्या आजारात पारपटलात एकदम पाणी शिरून असं होऊ शकतं. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

शिक्षक म्हणून आपण रोज पाच-सहा तास मुलांच्या चेहऱ्यासमोर असतो. डॉक्टरांना ते मूल पाच मिनिटं दिसतं, पालकांना सकाळ-संध्याकाळ. डोळे चोळणारा हात सर्वांत आधी आपल्यालाच दिसतो. उद्या वर्गात गेल्यावर हजेरी घेताना जरा बघा, असं कोण आहे. नाव वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि पालकांना एक फोन करा.

लेख आवडला तर आपल्या शाळेच्या पालक गटात नक्की पाठवा.